अडथळ्याला हेतू लागत नाही

सॉफ्टबॉलच्या सामन्यात पंच डावा हात खांद्याच्या उंचीवर आडवा धरतात आणि मूठ मिटतात. खेळ चालूच राहतो. धावणाऱ्या मुलीला पुढच्या बेसजवळ बॉल लावून टॅग केलं जातं, तरी पंच तिला सेफ देतात आणि मैदानाच्या कडेने ओरड सुरू होते: “आमच्या पोरीने मुद्दाम कुठे अडवलं? ती तर थ्रोची वाट बघत उभी होती!” प्रशिक्षक हेच म्हणतात, पालकही हेच म्हणतात.

ही ओरड प्रामाणिक असते, तरीही ती उथळ आहे. तिच्यामागे एक न तपासलेलं गृहीत आहे, ते असं की अडवणूक हा गुन्हा आहे आणि गुन्ह्याला हेतू लागतो. माझं प्रतिपादन याच्या उलट आहे. क्षेत्ररक्षकाच्या अडथळ्याचा, म्हणजे ऑब्स्ट्रक्शनचा, नियम कुणाचा अपराध शोधण्यासाठी लिहिलेलाच नाही. त्या क्षणी वाट कोणाच्या हक्काची होती एवढंच तो ठरवतो आणि तो हक्क मोडला असेल तर झालेलं नुकसान भरून देतो. हे नीट ध्यानात आलं की नियमातली प्रत्येक तरतूद, आज विचित्र वाटणारीसुद्धा, एका सूत्रात बसते. रत्नागिरीत तर हे समजणं सोपं असायला हवं. हाच न्याय आपण खो-खोच्या मैदानावर आणि गावच्या वहिवाटीत आधीपासून पाळत आलो आहोत.

१. नियम काय सांगतो

जागतिक बेसबॉल-सॉफ्टबॉल महासंघाच्या नियमाचा सारांश असा आहे. क्षेत्ररक्षकाच्या ताब्यात बॉल नाही, ती बॅटने मारलेला बॉल अडवण्याच्या प्रयत्नातही नाही आणि तरी तिच्यामुळे नियमाने धावणाऱ्या रनरची गती खुंटली, तर तो अडथळा. या व्याख्येत तीनच प्रश्न आहेत. बॉल हातात होता का? मारलेला बॉल अडवणं चालू होतं का? रनरला खरोखर थांबावं, वळावं किंवा पाऊल आखडावं लागलं का? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ आणि तिसऱ्याचं ‘हो’ असेल तर निर्णय झाला.

व्याख्येत जे नाही तेही तितकंच बोलकं आहे. शरीराला शरीर लागलंच पाहिजे अशी अट नाही. बेसच्या रेषेवर उभी असलेली क्षेत्ररक्षक पाहून रनरने वळसा घेतला, तरी अडथळा झालेला असतो. बॉल नसताना टॅग केल्याचा आव आणला आणि रनर उगाचच घसरली किंवा थबकली, तरी अडथळाच. आणि ‘जाणूनबुजून’ हा शब्द तर संपूर्ण व्याख्येत कुठेही नाही.

२. पाठलागाचा प्रत्येक खेळ आधी जागा वाटून देतो

एकाने पळायचं आणि दुसऱ्याने पकडायचं, अशा खेळात दोघांना एकच जागा हवी असते. ती कोणाची हे आधी ठरलेलं नसेल, तर खेळ संपून झोंबाझोंबी उरते. म्हणून अशा प्रत्येक खेळाचा पहिला नियम जागेच्या वाटणीचा असतो, मग तो नियमावलीत कितव्याही पानावर छापलेला असो.

आट्यापाट्यांत अडवणं हाच खेळ आहे, पण अडवणाऱ्याने आपल्या पाटीवर राहूनच अडवायचं असतं. पाटी त्याची आणि दोन पाट्यांमधली जागा पळणाऱ्याची. खो-खोत आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्या बसलेल्यांनी पळणाऱ्याच्या वाटेत येईल असं बसायचं नाही, आणि अशा बसण्यामुळे कुणी सापडला तर त्याला बाद द्यायचं नाही, असा खो-खोचा नियम आहे. या नियमाची मांडणी बारकाईने पाहा. बसलेल्याचा गुडघा मुद्दाम बाहेर आला की थकल्यामुळे, हे तो विचारत नाही. गुडघ्यामुळे पळणारा सापडला का, एवढंच विचारतो. उपायही तेवढाच आहे. पळणारा बाद नाही, तो अडथळ्याआधी होता तसा खेळात परत.

सॉफ्टबॉलचा अडथळ्याचा नियम याच जातीचा आहे. ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार, आरती कांबळे अशा खो-खोपटू ज्या जिल्ह्याने महाराष्ट्राच्या संघाला दिल्या, त्या रत्नागिरीत हा नियम परका वाटण्याचं काही कारण नाही.

सॉफ्टबॉलमधली वाटणी मात्र थोडी अधिक गुंतागुंतीची आहे, कारण इथे हक्क क्षणाक्षणाला हात बदलतो. बॅटला लागून आलेला बॉल अडवायला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षक, धावली, तर त्या क्षणापुरती वाट तिची. रनरने तिला चुकवून जायचं आणि नाही चुकवलं तर इंटरफिअरन्स म्हणून रनर बाद. तो बॉल तिला हुकून मागे गेला की त्याच जागेवरचा तिचा हक्क संपला आणि आता वाट रनरची. बॉल पुन्हा कुणाच्या ग्लव्हमध्ये विसावला की ज्या क्षेत्ररक्षकाकडे तो आहे तिला रेषेत उभं राहून टॅग करण्याचा अधिकार येतो. एका खेळीत, चार-पाच सेकंदांत, एकाच फुटभर जागेची मालकी तीनदा बदलू शकते. पहिल्या बेसवर आता दोन रंगांचा जोड-बेस वापरतात. पांढरा अर्धा भाग क्षेत्ररक्षकासाठी आणि फाउल रेषेबाहेरचा रंगीत अर्धा भाग धावत येणाऱ्या बॅटरसाठी. ती हीच वाटणी, फक्त जमिनीवर आखलेली.

३. ‘मुद्दाम’ हा शब्द नियमाला माहीत आहे

कुणी म्हणेल, नियम लिहिणाऱ्यांनी हेतूचा विचार केला नसेल, शब्द राहून गेला असेल. तसं नाही, आणि त्याचा पुरावा शेजारच्याच कलमात आहे. रनरने फेकलेल्या बॉलमध्ये व्यत्यय आणला तर तिला बाद द्यायचं, पण तो व्यत्यय हेतुपुरस्सर असेल तरच. थ्रो धावत्या रनरच्या पाठीवर आदळला आणि तिने काही केलं नसेल, तर खेळ चालू राहतो. मात्र तीच रनर बॅटने मारलेला बॉल अडवणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या आड आली, तर हेतू न पाहता बाद.

म्हणजे नियमकर्त्यांना ‘जाणूनबुजून’ हा शब्द ठाऊक होता आणि हवा तिथे त्यांनी तो लिहिला. जिथे वाट एका पक्षाच्या हक्काची स्पष्ट ठरलेली आहे, तिथे त्यांनी हेतू गाळला, आणि हे गाळणं दोन्ही बाजूंना सारखंच लागू केलं. फेकलेला बॉल कुठून कसा येईल याचा रनरला अंदाज नसतो, म्हणून तिथे हेतू ठेवला. ही विचारपूर्वक केलेली रचना आहे. क्षेत्ररक्षकाच्या बाजूने ‘मुद्दाम नव्हतं’ असा बचाव करणारे प्रशिक्षक, आपली रनर शॉर्टस्टॉपला चुकून धडकली तेव्हा हाच बचाव मान्य होईल असं धरून चालत नाहीत. एका बाजूला नको असलेली अट दुसऱ्या बाजूला मागता येत नाही.

४. उपाय पाहा, म्हणजे स्वभाव कळेल

एखादा नियम शिक्षेचा आहे की भरपाईचा, हे त्याच्या उपायावरून ओळखावं. शिक्षा करणारा नियम चुकणाऱ्याकडे पाहतो आणि भरपाई देणारा नियम ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे. ऑब्स्ट्रक्शनचे उपाय एकेक करून तपासू.

पहिली गोष्ट, खेळ लगेच थांबत नाही. पंचांची मिटलेली मूठ ‘डिलेड डेड बॉल’ची खूण असते, म्हणजे अडथळ्याची नोंद झाली, पण खेळ पुरा होऊ द्या. असं का? कारण तत्काळ थांबवलं तर जिचं नुकसान झालं तिचाच फायदा बुडू शकतो. अडथळा होऊनही ती पुढे पोहोचली तर मग काही द्यायचंच नाही.

दुसरी गोष्ट, अडथळा न होता ती जिथे पोहोचली असती, पंचांच्या मते तोच बेस तिला मिळतो. एक जास्त नाही, एक कमी नाही. इतर रनरनाही त्या अडथळ्याचा फटका बसला असेल तर त्यांनाही त्याच मापाने.

तिसरी गोष्ट फार थोड्या जणांना ठाऊक असते. ज्या दोन बेसच्या मध्ये अडथळा झाला, तिथे रनरला टॅग करून बाद करता येत नाही. पण अडथळा झाला नसता तरी ती पुढच्या बेसला पोहोचली नसती असं पंचांना वाटलं, तर तिला मागच्या बेसवर परत पाठवतात. क्षेत्ररक्षकाला धडा शिकवणं हा हेतू असता, तर रनरला मागे पाठवण्याला काही अर्थच उरला नसता. नियमाला फक्त अडथळ्याआधीची स्थिती परत आणायची आहे.

चौथी गोष्ट, हे संरक्षण अमर्याद नाही. मिळायला हवा होता तो बेस ओलांडून रनर स्वतःच्या जोखमीवर पुढे धावली तर बाद होऊ शकते. बेसला पाय न लावता गेली, पुढच्या रनरला ओलांडलं, झेल टिपायच्या आधी बेस सोडला, तरी बाद. अडथळा झाला म्हणून इतर चुका माफ होत नाहीत.

पाचवी गोष्ट कॅचरची. तिचा ग्लव्ह बॅटच्या आड आला तर बॅटरला पहिला बेस मिळतो, पण तिच्या संघाला निवड असते. बेस घ्या किंवा प्रत्यक्ष खेळात जे घडलं ते घ्या. शिक्षा काय असावी हे नुकसान झालेल्या पक्षाला कुणी विचारत नाही. भरपाईबाबत मात्र विचारतात.

आणि जिथे खरोखर दुष्ट हेतू असतो, वारंवार आडवं येणं, खोटा टॅग करून रनरला पाडणं, तिथे पंचांकडे ताकीद देण्याचा आणि मैदानाबाहेर काढण्याचा वेगळा अधिकार आहे. हेतूची जागा तिथे आहे. खेळ तो प्रश्न विसरलेला नाही, त्याने तो योग्य खान्यात ठेवला आहे.

५. दिवाणी आणि फौजदारी

कोकणातल्या वाचकासाठी हा भेद एका उदाहरणाने पुरा होतो. शेजाऱ्याने गडगा घातला आणि माझ्या वाडीकडे जाणारी वहिवाटीची वाट बंद झाली. मी सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे गेलो, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली ते दोन गोष्टी पाहतात. वाट वहिवाटीची होती का आणि ती अडली का. शेजाऱ्याने गडगा वैराने घातला की गुरं येऊ नयेत म्हणून, हा मुद्दा वाट मोकळी करण्याच्या आड येत नाही. वाट अडली तर ती मोकळी होते.

त्याच शेजाऱ्यावर ‘अन्याय्य प्रतिबंधा’चा गुन्हा दाखल करायचा म्हटला, तर प्रश्न बदलतात. जुन्या दंड संहितेचं कलम ३३९ किंवा आजच्या न्याय संहितेचं कलम १२६ पाहिलं, तर तिथे त्याने स्वेच्छेने अडवलं हे दाखवावं लागतं, आणि खाजगी वाट अडवण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे असं तो सद्भावनेने मानत होता असं निघालं तर तो गुन्हाच ठरत नाही. एकच गडगा, पण दोन वेगळे न्याय. एक वाट परत देतो, दुसरा माणसाला जबाबदार धरतो.

ऑब्स्ट्रक्शन पहिल्या प्रकारात मोडतं. ते दुसऱ्या प्रकारात आहे असं समजून आपण पंचांशी भांडतो, म्हणून भांडण कधी मिटत नाही. पंच म्हणतात, वाट अडली. प्रशिक्षक म्हणतात, मुलगी निर्दोष आहे. दोघंही खरं बोलत असतात, पण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

६. क्रिकेटने लावलेली सवय

हा गोंधळ आपल्याकडे इतका खोल का रुजला? कारण आपल्या नजरेला वळण क्रिकेटने लावलं आहे. क्रिकेटच्या ३७ व्या कायद्यात अडथळ्याचा आरोपी फलंदाज असतो आणि त्याने तो जाणूनबुजून केलेला असावा लागतो. मोहिंदर अमरनाथ १९८९ मध्ये अहमदाबादला श्रीलंकेविरुद्ध असाच बाद झाला, इंझमाम-उल-हक २००६ मध्ये पेशावरला भारताविरुद्ध. क्षेत्ररक्षकाने फलंदाजाला अडवलं तर पाच धावांचा दंड आहे, पण तिथेही ते कृत्य हेतुपुरस्सर असायला हवं.

या पद्धतीची किंमत मराठी क्रिकेटरसिकाने मोजलेली आहे. फेब्रुवारी १९९९, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, आशियाई कसोटी अजिंक्यपद स्पर्धेतला भारत-पाकिस्तान सामना. सचिन तेंडुलकर तिसरी धाव पुरी करत असताना यष्टींजवळ आलेल्या शोएब अख्तरशी त्याची धडक झाली. त्याच वेळी नदीम खानची फेक थेट यष्टींवर लागली आणि तिसरे पंच के. टी. फ्रान्सिस यांनी सचिनला ९ धावांवर धावचीत दिलं. प्रेक्षक खवळले, शेवटच्या दिवशी स्टेडियम रिकामं करून खेळ पुरा करावा लागला आणि पाकिस्तानने ४६ धावांनी सामना जिंकला.

त्यानंतर वाद रंगला तो एकाच प्रश्नावर, शोएबने मुद्दाम केलं का? क्रिकेटच्या कायद्यात दुसरा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. आणि माणसाच्या मनात काय होतं हे मैदानावरून सिद्ध करता येत नाही, म्हणून तो वाद आजही संपलेला नाही. सॉफ्टबॉलच्या नियमाने हाच प्रसंग पाहा. शोएबच्या हातात बॉल नव्हता. आलेला बॉल फेकलेला होता, बॅटवरून आलेला नव्हता. धडकेने सचिनची धाव खुंटली. तीन प्रश्न, तीन उत्तरं आणि सचिन सेफ. शोएबच्या मनाबद्दल कुणाला एक शब्द बोलावा लागला नसता. हेतू वगळणारा नियम क्षेत्ररक्षकावर अन्याय करतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे ध्यानात घ्यावं की तोच नियम त्याला खोटारडा ठरवला जाण्यापासूनही वाचवतो.

क्रिकेटला ही अट परवडते, कारण फलंदाज खेळपट्टीच्या दोन टोकांमध्ये धावतात आणि बहुतेक क्षेत्ररक्षक त्या पट्टीपासून लांब असतात. सॉफ्टबॉलमध्ये प्रत्येक बेस क्षेत्ररक्षकाच्या पायाशी असतो. तिथे अडथळा हा अपवाद राहत नाही, ती रोजची शक्यता असते. रोजच्या शक्यतेचा निवाडा मनकवडेपणावर सोपवता येत नाही.

७. अठरा मीटरांचा हिशेब

दोन बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. बेसबॉलमध्ये ते ९० फूट असतं. समजा एखादी शालेय रनर हे अंतर साडेतीन सेकंदांत कापते. तिचा वेग सेकंदाला साधारण सव्वापाच मीटर झाला. बेसजवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाला चुकवण्यात तिचे अवघे तीन दशांश सेकंद गेले, तर ती दीड मीटरहून जास्त मागे पडते. बेसची एक बाजू ३८ सेंटिमीटरची असते, म्हणजे ती चार बेस ओळीने मांडता येतील इतकी मागे राहिली. सॉफ्टबॉलमधले कित्येक टॅग याहून कमी अंतराने ठरतात. अंतर जितकं कमी, तितका छोटा अडथळाही निर्णायक. म्हणूनच ‘जरासं मध्ये आली’ हा बचाव या खेळात टिकत नाही.

८. आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. थ्रो वाकडा आला, क्षेत्ररक्षकाने झेप घेतली, ती जमिनीवर पडली आणि रनर तिला अडखळली. तिने आता करायचं काय, अदृश्य व्हायचं? हाच प्रसंग २६ ऑक्टोबर २०१३ रोजी बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात घडला. बोस्टन रेड सॉक्स आणि सेंट लुईस कार्डिनल्स ४-४ अशा बरोबरीत होते आणि नववा डाव चालू होता. कॅचरची फेक तिसऱ्या बेसवरून निसटली, ती पकडायला झेपावलेला विल मिडलब्रूक्स आडवा पडला आणि त्याच्यावरून ॲलन क्रेग अडखळला. क्रेग पुढे होम प्लेटवर टॅग झाला, पण पंच जिम जॉइस यांनी अडथळा दिला होता. धाव मोजली गेली आणि कार्डिनल्स ५-४ ने जिंकले. मिडलब्रूक्सची चूक काय, असं जगभर विचारलं गेलं. उत्तर असं की त्याच्या चुकीचा प्रश्नच नव्हता. फेक वाकडी होती आणि ती क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचीच होती. तिच्या परिणामाचा भार कुणीतरी उचलायचाच होता. ज्या संघाने वाकडं फेकलं त्याने तो उचलावा की ज्या रनरने काहीच केलं नाही त्याने? असा प्रश्न मांडला की नियमाचं उत्तरच न्याय्य ठरतं. बोस्टनने पुढे मालिका जिंकली, पण त्या रात्रीचा निर्णय चुकीचा होता असं त्यामुळे ठरत नाही.

दुसरा आक्षेप असा की ‘पोहोचली असती’ हे पंच कसं ठरवणार? हा तर मनमानीला परवाना झाला. पण पंच इथे हवेत अंदाज बांधत नाहीत. अडथळ्याच्या क्षणी रनर कुठे होती, तिचा वेग काय होता, बॉल कुठे होता, तो कुणाच्या हातात होता, या चारही गोष्टी डोळ्यांना दिसतात. यातल्या एकीपेक्षाही हेतू ओळखणं कितीतरी कठीण. मनमानीची भीती असेल तर हेतूची अट घालून ती वाढेल.

तिसरा आक्षेप, रनर याचा गैरफायदा घेतील, मुद्दाम जाऊन धडकतील. नियमाने ही दारंही बंद केली आहेत. अडथळा खरोखर झालेला असावा लागतो, वाट वाकडी करून क्षेत्ररक्षकाला शोधत गेलेल्या रनरला काही मिळत नाही. बॉल हातात असलेल्या क्षेत्ररक्षकावर उभ्याने जाऊन आदळली तर ती बाद होते आणि कृत्य दांडगाईचं असेल तर मैदानाबाहेरही जाते. वाटेचा हक्क म्हणजे धडकेचा हक्क नव्हे.

चौथा आक्षेप शाळांमधून येतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना एवढ्या बारकाव्यात कशाला न्यायचं? खरं तर सर्वांत आधी त्यांनाच न्यायला हवं, कारण या नियमाचा दुसरा पाया सुरक्षितता हा आहे. २५ मे २०११ रोजी बेसबॉलमधल्या बस्टर पोझी या कॅचरचा पाय होम प्लेटवरच्या धडकेत मोडला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. २०१४ मध्ये तिथे नवा नियम आला. बॉल हातात नसलेल्या कॅचरने होमची वाट अडवायची नाही आणि रनरने वाट सोडून त्याच्यावर चालून जायचं नाही. एका दणकट व्यावसायिक खेळाडूचा पाय मोडल्यावर सुचलेलं शहाणपण शाळकरी मुलींना आधीच दिलं तर काय बिघडलं?

९. रत्नागिरीच्या मैदानावर

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात अधिक तातडीचा आहे. इथली जमीन जांभ्याची. वरचा मातीचा थर पातळ असेल तर घसरत बेस गाठणाऱ्या मुलीचा गुडघा-कोपर सोलवटून निघतो. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो, तेव्हा तेच मैदान निसरडं असतं आणि ऐनवेळी पाय रोवून थांबणं रनरला जमत नाही. अशा जमिनीवर बॉल नसताना बेससमोर उभं राहणं म्हणजे दोन्ही मुलींना धोक्यात घालणं आहे.

शिवाय निकालाला मोल आहे. खेळाच्या कामगिरीवर दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत आणि तिथवरची पहिली पायरी तालुका-जिल्ह्याचा सामना हीच असते. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा असणार आहे, त्यामुळे खेळाकडे मुली वळतील. तालुक्याच्या मैदानावर चुकीचा समज पक्का झाला, तर तो वरच्या पातळीवर बदलायला फार उशीर होतो.

करायला हवं ते थोडं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. पंचांनी अडथळा दिसताक्षणी हात आडवा करावा, ‘ऑब्स्ट्रक्शन’ असं मोठ्याने म्हणावं आणि खेळ संपल्यावर दोन्ही कर्णधारांना एका वाक्यात सांगावं की कुठे वाट अडली आणि कोणता बेस का दिला. प्रशिक्षकांनी सरावात तीन सवयी लावाव्यात. बॉल हातात येईपर्यंत बेसची रनरकडची कड मोकळी ठेवायची. थ्रो हुकला की पहिल्यांदा रेषेतून बाजूला व्हायचं, मग बॉलकडे पाहायचं. बॉल नसताना टॅगचा हात हलवायचाच नाही. क्रीडाशिक्षकांनी हा नियम शिकवताना खो-खोच्या मैदानावर उभं राहून शिकवावा. बसलेल्या गड्याचा गुडघा बाहेर आल्याने सापडलेल्या मुलीला बाद द्यायचं का, असं विचारावं. उत्तर मुलींना आधीच माहीत आहे.

आणि कडेला उभं राहणाऱ्या आपण सगळ्यांनी एक प्रश्न सोडून द्यावा आणि एक उचलावा. “तिने मुद्दाम केलं का?” हे विचारणं थांबवावं. “बॉल कुठे होता आणि वाट कोणाची होती?” हे विचारायला लागावं. पंचांचा निर्णय या प्रश्नाच्या उत्तराशी जुळत नसेल तर जरूर विचारणा करावी. पण जुळत असेल, तर आपली मुलगी कितीही निर्दोष असली तरी समोरच्या मुलीचा बेस तिला द्यावा. तो तिचाच होता.